नवजात बाळाच्या मेंदूतली केमिकल्स: आई-आज्यांचे प्रश्न आणि माझी उत्तरं

मागच्या लेखात मी एक वाक्य लिहिलं होतं, की मोठ्या माणसाच्या मेंदूला शांत करणारं केमिकल बाळाच्या मेंदूत उलटं काम करतं. त्या एका वाक्यावर इतके प्रश्न आले की बाकीचा विषय बाजूला ठेवून या वेळी फक्त त्यांचीच उत्तरं देतेय. काही प्रश्न एकत्र केलेत आणि नावं काढून टाकलीत.

आधी थोडक्यात सांगते. मेंदूतल्या पेशी एकमेकींना निरोप देतात तो केमिकल्समधून, त्यांना न्यूरोट्रान्समीटर म्हणतात. गाबा, ग्लुटामेट, डोपामाइन, सेरोटोनिन, ॲसिटिलकोलीन, नॉरॲड्रिनॅलिन ही त्यातली मोठी नावं. ही सगळी बाळाकडे जन्माच्या कितीतरी आधीपासून असतात, सेरोटोनिन बनवणाऱ्या पेशी तर गर्भ पाच-सहा आठवड्यांचा असतानाच दिसायला लागतात. पण तेव्हा द्यायला निरोपच नसतात, मग ही केमिकल्स करतात काय, तर बांधकाम. कुठल्या पेशीनं कुठं जायचं, किती फांद्या काढायच्या, कोणाशी जोडून घ्यायचं हे तीच ठरवतात. मागावर कापड विणायच्या आधी ताणा भरावा लागतो ना, तसं हे ताणा भरायचं काम आहे आणि ते जन्मानंतरही बरेच महिने, काही बाबतीत बरीच वर्षं चालू राहतं. म्हणून मोठ्यांचं लॉजिक बाळाला लावता येत नाही, आणि खालची बहुतेक उत्तरं शेवटी याच मुद्द्यावर येतात.

प्रश्न: बाळ वीस दिवसांचं आहे. झोपेत नाहीतर रडताना हातपाय थरथरतात, हनुवटी पण हलते. सासूबाई म्हणतात झटके आहेत. ते गाबा उलटं असतं म्हणून होतंय का? (जुळे सोलापूर)

ताई, आधी घरात बघता येईल अशी गोष्ट सांगते. थरथरणारा हात किंवा पाय हलकेच धरा, थोडा दुमडा. धरल्यावर थरथर लगेच थांबली, डोळे नॉर्मल आहेत, बाळ दूध नीट ओढतंय, तर बहुतेक वेळा ती साधी थरथर असते, झटका नसतो. रडताना हनुवटी हलणं तर फारच कॉमन आहे. पण धरल्यावरही ठेका चालूच राहिला, डोळे एका बाजूला वळले, ओठ चोखल्यासारखे किंवा सायकल मारल्यासारखे पाय सारखे हलायला लागले, श्वास थांबला, बाळ निळं पडलं, यातलं काहीही दिसलं तर वाट बघू नका, सरळ दवाखान्यात घेऊन जा. जमलं तर जाताना मोबाईलवर व्हिडिओ काढा, आम्हाला त्याचा फार उपयोग होतो. आणि साधी वाटणारी थरथर जरी वारंवार होत असेल तरी रक्तातली साखर आणि कॅल्शियम एकदा तपासून घ्याच, विशेषतः वजन कमी असेल किंवा आईला डायबेटिस असेल तर, कारण साखर कमी झाल्यावरही बाळ असंच थरथरतं आणि ते अंगावर काढण्यासारखं नसतं.

आता गाबा. आपल्या मेंदूत गाबा म्हणजे ब्रेक. गाबा आलं की पेशीचं एक दार उघडतं, क्लोराइड आत शिरतं आणि पेशी शांत होते. कच्च्या पेशीत मात्र क्लोराइड आधीच जास्त भरलेलं असतं, कारण ते आत ओढणारा पंप जोरात चालू असतो आणि बाहेर टाकणारा पंप अजून नीट तयार झालेला नसतो. मग तेच दार उघडलं की क्लोराइड बाहेर पळतं आणि पेशी शांत व्हायच्या ऐवजी उत्तेजित होते. पॅरिसमधल्या येहेजकेल बेन-आरी यांच्या टीमनं १९८९ मध्ये उंदरांच्या पिलांमध्ये हे दाखवलं. हा काही निसर्गाचा घोटाळा नाही. या उत्तेजनामुळं पेशीत कॅल्शियम जातं आणि त्यावरच तिची वाढ आणि जोडण्या होतात. पुढं बाहेर टाकणारा पंप वाढत जातो आणि गाबा हळूहळू ब्रेकच्या कामाला लागतं.

याचा झटक्यांशी संबंध आहे तो असा, की नवजात मेंदूत उत्तेजन जास्त आणि ब्रेक कच्चे, म्हणून या वयात झटके यायची शक्यता पुढच्या आयुष्यापेक्षा जास्त असते. काही जणांनी मला विचारलंय की मग गाबाचा परिणाम वाढवणारं फिनोबार्बिटोन हे झटक्यांचं औषध बाळाला का देता, ते उलटंच करणार. शंका रास्त आहे, पण प्रत्यक्षात तसं होत नाही. २०२० मध्ये छापून आलेल्या एका मोठ्या चाचणीत फिनोबार्बिटोननं ८० टक्के बाळांचे झटके २४ तास थांबवले, नवीन समजल्या जाणाऱ्या लेव्हेटिरासेटामनं फक्त २८ टक्के. आत ओढणारा पंप बंद करायला ब्युमेटानाइड नावाचं लघवीचं औषध पण वापरून बघितलं होतं, त्या चाचणीत फायदा दिसेना आणि काही बाळांच्या कानावर परिणाम झाला म्हणून ती अर्ध्यात थांबवावी लागली. म्हणून डॉक्टरांनी झटक्यांसाठी फिनोबार्बिटोन लिहून दिलं असेल तर असलं काही वाचून ते बंद करू नका, प्लीज.

प्रश्न: आमचं बाळ ३० आठवड्यांतच जन्मलं. फाईलमध्ये कॅफीन लिहिलंय. चहा-कॉफीतलं तेच का? एवढ्याशा जिवाला? (बार्शी)

हो दादा, तेच. आणि नवजात बालकांच्या उपचारात इतकं नीट तपासलेलं औषध क्वचितच सापडेल, त्यामुळं घाबरू नका.

इथं काम करणारं केमिकल म्हणजे ॲडिनोसिन. ते आपल्याला दिवसभरात पेंग आणतं, आणि अपुऱ्या दिवसांच्या बाळात ते श्वासाच्या केंद्राला दाबून टाकतं. ते केंद्र आधीच कच्चं, म्हणून अशी बाळं मध्येच श्वास घ्यायचं विसरतात, वीस-वीस सेकंद श्वास थांबतो, ठोके कमी होतात. कॅफीन जाऊन ॲडिनोसिनच्या जागा अडवतं, केंद्र जागं राहतं. सुरुवातीचा डोस साधारण किलोला २० मिलिग्रॅम कॅफीन सायट्रेट, नंतर रोज त्याहून बराच कमी. एक मोठी आंतरराष्ट्रीय चाचणी झाली, सव्वा किलोपर्यंतच्या दोन हजारांवर बाळांवर, तिचे निकाल २००६ आणि २००७ मध्ये आले. त्यात फुप्फुसांचा त्रास कमी झालाच, पण दीड वर्षाच्या पुढं तपासल्यावर कॅफीन मिळालेल्या मुलांमध्ये सेरेब्रल पाल्सीचं (मेंदूला इजा झाल्यानं हालचालींवर येणारं कायमचं अपंगत्व) प्रमाणही कमी निघालं.

एक गोष्ट लक्षात ठेवा. आपण प्यायलेल्या कॉफीतलं कॅफीन पाचेक तासांत निम्मं होतं, बाळाच्या लिव्हरला त्याच कामाला तीन-चार दिवस लागतात. म्हणून औषध बंद केल्यावरही डॉक्टर लगेच घरी सोडत नाहीत, पाच-सात दिवस मॉनिटरवर ठेवतात, तेव्हा बिल वाढवायला ठेवलंय असं कृपया समजू नका. दूध पाजणाऱ्या आईला दिवसाला दोन कप चहा चालतो. घरी आल्यावर "कॅफीन चांगलंय ना" म्हणून कुणी बाळाला चहाचा चमचा लावू नका, हे सांगावं लागतंय कारण असं होतं.

प्रश्न: मी विड्या वळते. सहा महिने झाले, दिवस गेलेत. मिश्री पण लावते, सोडवत नाही. मूल डोक्यानं कमी होईल का? (विडी घरकुल)

ताई, तुम्ही विचारलंत हे फार बरं केलंत, आणि ओरडणार तर अजिबात नाही. सोलापूरच्या पूर्व भागातली किती घरं हजार विड्यांच्या हिशोबानं मिळणाऱ्या मजुरीवर चालतात ते मला माहिती आहे. "काम सोडा" म्हणणं मला सोपं आहे, तुम्हाला ते सोपं नाही.

मेंदूत ॲसिटिलकोलीन नावाचं केमिकल असतं, त्याला बसायच्या काही जागा अशा आहेत की तिथं निकोटिनही अगदी फिट बसतं. गर्भाच्या मेंदूत या जागा पहिल्या तीन महिन्यांतच तयार होतात. पेशींनी कधी वाढायचं थांबायचं आणि कधी जोडण्या करायच्या याचे इशारे ॲसिटिलकोलीन देत असतं. आईच्या रक्तातलं निकोटिन वारेतून सरळ बाळात जातं, आणि मग इशारा नसताना इशारा मिळतो, सारखा, दिवसातून कितीदा तरी. श्वास आणि झोपेतून जागं होणं सांभाळणारा मेंदूच्या देठाचा भाग याला जास्त नाजूक असतो. तंबाखूमुळं वजन कमी भरणं, दिवस भरायच्या आधी बाळंत होणं, मूल पोटात दगावणं, या सगळ्याचा धोका वाढतो. मुंबईत १,२१७ गरोदर बायकांचा अभ्यास झाला होता, २००४ मध्ये छापून आला, त्यातल्या तंबाखू घेणाऱ्या बायका ओढणाऱ्या नव्हत्या, तोंडात लावणाऱ्याच होत्या आणि त्यातल्या बहुतेक मिश्रीवाल्या. त्यांच्या बाळांचं वजन सरासरी १०५ ग्रॅमनं कमी भरलं. मिश्री ही तंबाखूच आहे, फक्त भाजलेली. दात साफ करतो, खात नाही, असं आपण म्हणतो पण हिरडीतून निकोटिन झपाट्यानं रक्तात जातं.

"डोक्यानं कमी" होईल असं मी म्हणणार नाही, एका मुलाबद्दल असं कुणालाच सांगता येत नाही. पण तीन महिने हातात आहेत, आणि शेवटच्या तीन महिन्यांतच मेंदू सगळ्यात जोरात वाढतो, म्हणून आज सोडलेल्या मिश्रीचा फायदा बाळाला मिळतोच. सकाळची पहिली मिश्री सगळ्यात अवघड जाते, तिथून सुरुवात करा, त्या वेळेला साधी टूथपेस्ट आणि बडीशेप. एकटीनं जमत नसेल तर तंबाखू सोडवणारी सरकारी फ्री हेल्पलाईन आहे, १८००-११-२३५६. घरातल्या सासू-जावेनं पण त्याच वेळी सोडली तर निम्मं काम होतं, माझा अनुभव असा आहे की एकाच घरात डबी फिरत असेल तर एकटीला सोडणं जवळजवळ अशक्य होतं.

विड्यांचं म्हणाल तर तंबाखू हाताळतानाही कातडीतून आणि धुळीतून निकोटिन अंगात जातं. सूप घेऊन बसायची जागा झोपायच्या खोलीपासून लांब ठेवा, दार-खिडकी उघडी असू द्या, मांडीवर वेगळं कापड घ्या. बाळ झाल्यावर पाजायच्या आधी हात कोपरापर्यंत साबणानं धुवा, पदर बदला, आणि झोळी तंबाखूच्या शेजारी बांधू नका. दूध मात्र बंद करायचं नाही. निकोटिन दुधात उतरतं हे खरं, तरीसुद्धा अंगावरचं दूध डब्याच्या दुधापेक्षा चांगलंच.

प्रश्न: आम्ही पूर्ण शाकाहारी, अंडंसुद्धा नाही. माझं एचबी ८ आहे. याचा बाळाच्या मेंदूशी काय संबंध? गूळ-शेंगदाणे खातेय. (अक्कलकोट)

या प्रश्नावर मी तासभर बोलू शकते. आपल्या जिल्ह्यातल्या बाळांच्या मेंदूसाठी एकच गोष्ट निवडायला सांगितली तर मी आईच्या रक्ताची निवड करेन.

डोपामाइन आणि सेरोटोनिन बनवणारी जी एन्झाइम्स आहेत त्यांना काम करायला लोह लागतं. लोह नसेल तर कच्चा माल असूनही केमिकल कमी तयार होतं. नसांवरचं आवरण म्हणजे मायलिन, त्यालाही लोह लागतं. बाळ आपला लोहाचा साठा शेवटच्या तीन महिन्यांत आईकडून घेतं आणि त्यावर पहिले चार-सहा महिने काढतं. आईकडेच नसेल तर साठा अर्धवट. आणि हे नुकसान नंतर रक्त वाढवून पूर्ण भरून येईलच असं नाही. कोस्टा रिकामध्ये बेट्सी लोझॉफ यांनी तान्हेपणी लोहाची जबर कमतरता असलेल्या मुलांचा मोठं होईपर्यंत पाठपुरावा केला, ॲनिमिया बरा केला होता तरी ती मुलं पुढं कित्येक वर्षं चाचण्यांमध्ये मागंच राहिली. आपल्याकडं २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात ५२ टक्के गरोदर बायका आणि पाच वर्षांखालची ६७ टक्के मुलं ॲनिमिक निघाली. म्हणजे अंगणवाडीत बसलेल्या मुलांतली निम्म्याहून जास्त.

एचबी ८ ला गूळ-शेंगदाणे पुरत नाहीत. चांगलंच आहे ते, खा, हुलगे, अळीव, पालेभाजी, बाजरी सगळं खा, वर लिंबू पिळा म्हणजे लोह जास्त शोषलं जातं, आणि जेवणाबरोबरचा चहा बंद करा कारण तो लोह अडवतो. पण औषध ते औषधच. सरकारी लाल गोळीत ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फोलिक ॲसिड असतं, ती चौथ्या महिन्यापासून रोज एक आणि बाळंतपणानंतरही सहा महिने घ्यायची असते. तुमच्यासाठी डॉक्टर जास्त डोस किंवा सलाईनमधून लोह ठरवतील, ते लगेच विचारा, नवव्या महिन्याची वाट बघू नका. संडास काळी होते म्हणून गोळी सोडणाऱ्या खूप जणी आहेत. काळी होणारच, त्यानं काही बिघडत नाही. डिलिव्हरीच्या वेळी नाळ लगेच कापू नका, निदान एक मिनिट थांबा असं आधीच सांगून ठेवा, त्या एका मिनिटात वारेतलं बरंच रक्त बाळाला मिळतं, आणि त्याच्याबरोबर लोह.

आता बी-ट्वेल्व्ह, कारण अंडंसुद्धा नाही म्हणालात. हे वनस्पतीत मिळत नाही, शाकाहारी माणसाला दूध-दह्यातूनच काय ते. आईत कमी म्हणजे दुधात कमी. मग बाळ सहा महिन्यांपर्यंत गुटगुटीत दिसतं, सगळे कौतुक करतात, आणि सहा ते बारा महिन्यांच्या मध्ये ते हळूहळू हसायचं कमी होतं, बसत होतं ते बसेनासं होतं, केस विरळ आणि भुरे, बोटांची पेरं काळी पडतात, आणि मग एक दिवस हात-डोकं थरथरायला लागतं. याला इन्फंटाइल ट्रेमर सिंड्रोम म्हणतात, भारतीय डॉक्टरांनी पन्नासच्या दशकापासून याबद्दल लिहिलंय. बी-ट्वेल्व्ह दिल्यावर काही दिवसांतच बाळ डोळ्याला डोळा द्यायला लागतं, आई तिथंच रडते. पण उशीर झाला तर विकास पूर्ण भरून निघेलच असं नाही. तुमचा आहार बदला असं मी म्हणत नाहीये, तो तुमचा धर्माचा आणि मनाचा प्रश्न आहे. बी-ट्वेल्व्ह तपासा आणि गोळी किंवा इंजेक्शन घ्या, एवढंच.

प्रश्न: बाळ दिवसभर झोपतं, रात्रभर जागतं. शिवाय घराला लागूनच माग आहेत, त्या आवाजात झोप कशी होणार? (अशोक चौक)

रात्र झाली हे आपल्याला मेलाटोनिन सांगतं. पोटात असताना बाळाला आईचं मिळत होतं, बाहेर आल्यावर ते बंद झालं आणि स्वतःचं लयीत बनायला दोन-तीन महिने लागतात. म्हणजे बाळ उलटं वागत नाहीये, त्याला अजून रात्र कळतच नाही. रात्रीच्या आईच्या दुधात मेलाटोनिन असतं, दिवसाच्या दुधात जवळजवळ नसतं. म्हणून दूध काढून ठेवत असाल तर बाटलीवर वेळ लिहा आणि रात्रीचं रात्रीच द्या. दिवसा उजेडात ठेवा, रात्री पाजताना मंद दिवा, मोबाईलचा उजेड नको.

नवजात बाळाची साधारण निम्मी झोप चळवळी असते, डोळे पापण्यांखाली फिरतात, ओठ हसतात, कण्हतं, हातपाय झटकतं. मेंदूच्या जोडणीचं बरंच काम याच झोपेत होतं. तेव्हा प्रत्येक कण्हण्याला उचलू नका, मिनिटभर थांबा, बऱ्याचदा परत झोपतं.

मागाचा आवाज मात्र मी हलक्यात घेणार नाही. शेडमध्ये तो ९० डेसिबलच्या वर जातो, बाळाची पाळण्याची खोली भिंतीपलीकडची असेल तर ती बदला, निदान चालू मागाच्या वेळेला तरी. बाळ आवाजाला सरावलंय म्हणजे त्रास होत नाही असं नसतं.

आणि झोपवायचं ते पाठीवर, मोहरीची उशी काढून. काही बाळं झोपेतच जातात, बॉस्टनच्या हॅना किनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा बाळांच्या मेंदूच्या देठात सेरोटोनिनची यंत्रणा वेगळी असल्याचं दाखवलं, म्हणजे श्वास कोंडला की जागं करणारी घंटाच नीट वाजत नाही. कुठलं बाळ तसं आहे हे आधी कळत नाही, म्हणून सगळ्यांनाच पाठीवर. अमेरिकेत १९९४ मध्ये हे सांगायला मोहीम सुरू झाली आणि असे मृत्यू निम्म्याच्या आसपास आले.

प्रश्न: आम्ही चार पोरं गुटीवर वाढवली. जायफळाचे दोन वेढे जास्त दिले की छान झोपतं. सून नको म्हणते. (साखर पेठ)

आजी, तुमची माया कळते, पण या वेळी मी सुनेच्या बाजूनं आहे. जायफळानं बाळ झोपतं कारण त्यात मेंदूवर चालणारी रसायनं आहेत. वेढे मोजून डोस कळत नाही, एक जायफळ दुसऱ्यासारखं नसतं आणि बाळाच्या लिव्हरला ते बाहेर टाकायला वेळ लागतो. गुंगीतलं बाळ दूध कमी ओढतं, साखर उतरते. पूर्वी मुंबईत गिरणीत जाणाऱ्या बायका पोरांना अफूची बाळगोळी द्यायच्या, नाइलाजानं, आणि त्यातली किती पोरं श्वास थांबून गेली असतील याचा हिशोब कुणी ठेवला नाही. आपली घरची गुटी म्हणजे अफू नाही हे मान्य, पण कुणीही गुटीत खसखशीचं बोंड टाकायला सांगितलं तर त्याला उभं करू नका.

आणि जन्मल्यावर मध चाटवू नका, सोनं उगाळून तर नाहीच. मधात एका जंतूचे बीज असू शकतात, ते वर्षाच्या आतल्या बाळाच्या आतड्यात रुजून विष तयार करतात आणि ते विष नसेतून ॲसिटिलकोलीन सुटूच देत नाही. स्नायूला निरोप जात नाही. आधी शी बंद, मग रडणं बारीक, पापण्या पडतात, मान लुळी. क्वचित होतं, पण झालं तर बाळाला व्हेंटिलेटर लागू शकतो. पहिले सहा महिने फक्त अंगावरचं दूध, पाणीसुद्धा नको, एप्रिल-मेच्या उन्हात पण नको, आपल्या ४२-४३ डिग्रीतही दूध पुरतं, फक्त जास्त वेळा पाजा आणि आईला भरपूर पाणी द्या.

प्रश्न: इतक्या लहान बाळाला इंजेक्शनचं दुखणं खरंच कळतं का? (मोहोळ)

कळतं, आणि आपल्यापेक्षा जास्त. दुखणं वर नेणाऱ्या वाटा तयार असतात, वरून खाली येऊन दुखणं दाबणारी यंत्रणा मात्र उशिरा तयार होते. १९८० च्या दशकापर्यंत जगभर नवजात बाळांची ऑपरेशनं पुरेशी वेदनाशामकं न देता व्हायची. कन्वलजीत आनंद या भारतातून तिकडं गेलेल्या डॉक्टरांनी ऑक्सफर्डमध्ये १९८७ साली दाखवलं की ऑपरेशनच्या वेळी फेंटॅनिल दिलेल्या बाळांचा स्ट्रेस कमी होतो आणि नंतरचा त्रासही कमी होतो, तेव्हा कुठं पद्धत बदलली. तुम्ही करायचं ते सोपं आहे, लस द्यायच्या थोडं आधी अंगावर घ्या आणि पाजता पाजताच सुई टोचू द्या. रडणं स्पष्ट कमी होतं. सिस्टर नको म्हणाल्या तरी नम्रपणे आग्रह धरा.

प्रश्न: डिप्रेशनसाठी सर्ट्रालिन चालू आहे, पाचवा महिना. घरचे म्हणतात बाळाच्या मेंदूसाठी आजच बंद कर. (होटगी रोड)

आज बंद करू नका. आधी तुमच्या सायकियाट्रिस्टशी आणि गायनॅकशी बोला.

सर्ट्रालिन सेरोटोनिनचा मुक्काम वाढवतं, वारेतून थोडं बाळाकडं जातं, हे खरं. शेवटच्या महिन्यांत घेतलेल्या आयांची काही बाळं पहिले काही दिवस चिडचिडी, थरथरणारी असतात, ओढायला कंटाळतात, थोडा वेगानं श्वास घेतात. आम्ही त्यांना दोन-तीन दिवस जास्त बघतो, बहुतेकांचं एक-दोन आठवड्यांत निवळतं. पण उपचार न घेतलेलं डिप्रेशनही बाळापर्यंत पोचतं, आईचं खाणं-झोप जाते, दिवस आधी भरतात, बाळ झाल्यावर त्याच्याकडं बघावंसं वाटत नाही, आणि काही वेळा आई जिवाचं बरंवाईट करून घेते. अचानक बंद केल्यावर आजार उलटायची भीती मोठी असते. दुधात सर्ट्रालिन फार थोडं उतरतं, म्हणून पाजायलाही सहसा हरकत नसते. घरच्यांना माझं हे उत्तर वाचून दाखवा, आणि पुढच्या तपासणीला नवऱ्याला बरोबर न्या.

प्रश्न: मेडिकलमध्ये "मेंदूचं डोपामाइन वाढवणारं" सिरप मिळतं, तीन महिन्यांच्या बाळाला देऊ का? (विजापूर रोड)

नको. डोपामाइन, सेरोटोनिन, गाबा तोंडातून दिलं तर रक्तातून मेंदूत जातच नाही, मध्ये पडदा आहे. आणि समजा गेलं तरी वाढत्या मेंदूत कुठलं केमिकल किती आणि कुठं हे वरून ठरवणं चुकीचंच. ते पैसे आईच्या जेवणावर घाला. बाळाला सहाव्या महिन्यापासून आशाताईंकडून लोहाचं सिरप मिळतं, आठवड्यातून दोनदा एक मिली, ते न चुकता द्या.

प्रश्न: घरात तेलुगू, शेजारी कन्नड, बाहेर मराठी. बाळाचा मेंदू गोंधळेल का? एकच भाषा ठेवू का? (दत्त नगर)

ठेवू नका, सगळ्या बोला. भाषांचा ठेका बाळ पोटातच ऐकायला लागतं. गरोदरपणी दोन भाषा बोलणाऱ्या आयांची बाळं जन्मल्या जन्मल्या त्या दोन्ही ओळखतात आणि वेगळ्याही ठेवतात, हे तपासलेलं आहे. पहिल्या वर्षात मेंदू जगातल्या कुठल्याही भाषेचे आवाज ऐकायला मोकळा असतो, पुढं ती खिडकी हळूहळू लहान होते, आणि ती उघडायची-मिटायची वेळ ठरवण्यात पुन्हा आपलं गाबाच मोठं काम करतं, तोवर ते ब्रेक झालेलं असतं. आजीनं तेलुगूतच बोलावं, तिच्या तोंडून तीच भाषा भरभरून येते. समोर तोंड ठेवून बोला, बाळानं आवाज केला की उत्तर द्या. टीव्हीवरच्या भाषेचा उपयोग नाही, त्यात उत्तर देणारं कुणी नसतं.

फक्त बाळाची ओएई नावाची कानाची तपासणी झालीय का ते डिस्चार्जच्या कागदावर बघा. झाली नसेल तर पहिल्या महिन्यातच करून घ्या, आणि बाळ काचेच्या पेटीत राहिलेलं असेल किंवा कावीळ जास्त झाली असेल तर बेरा (कानापासून मेंदूपर्यंत आवाजाचा निरोप पोचतो का ते बघणारी तपासणी) पण विचारा.